विहिरीतला हिरवा दगड

कडाव, ता. कर्जत

चि. बाळास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो पोचले. आपल्या विहिरीच्या खोदकामातला हिरवा दगड तू नेलास, दुकानदाराने तो पाहून मॅलाकाइट, म्हणजे तांब्याचं खनिज, असल्याचं सांगितलं आणि तू थेट भाव विचारलास. भावाचं नंतर पाहू. आधी दगड कोणता ते ठरू दे.

आपला कातळ बेसाल्टचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि झिरपत्या पाण्यातून त्यांत स्फटिक धरले. तिथे हिरवं पुष्कळ सापडतं, पण ते बहुधा तांब्याचं नसतं. मातकट, नखाने खरवडता येणारा थर सेलॅडोनाइटचा. त्याचा रंग लोहामुळे. काचेसारखा चमकणारा हिरवट स्फटिक अपोफिलाइटचा असू शकतो. त्याला रंग येतो तो व्हॅनेडियमचा. मॅलाकाइट मिळतं ते तांब्याच्या खाणींत, मध्य प्रदेशातल्या मलांजखंडसारख्या ठिकाणी. महाराष्ट्रातलं तांबं चंद्रपूरच्या ठाणेवासन्याकडे आहे, तेही बेसाल्टहून फार जुन्या खडकांत.

खात्री करायची तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांसमोर कर, डोळ्यांना चष्मा लावून. दगडाच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूचा चिमूटभर चुरा काचेच्या बशीत घे आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाक. मॅलाकाइट फसफसतं. पण तेवढ्यावर भुलू नकोस, आपल्या कातळातला पांढरा कॅल्साइटही फसफसतो आणि तो हिरव्याला चिकटूनच असतो. म्हणून त्याच द्रवात कानशीने घासून लख्ख केलेला लोखंडी खिळा थोडा वेळ बुडव. तांबं असेल तर खिळ्यावर लालसर पूट चढेल. मला या खिळ्याची साक्ष दुकानदाराच्या नजरेपेक्षा मोठी वाटते.

आता मोलाचं. मॅलाकाइटची किंमत गडद-फिक्या वलयांच्या पट्ट्यांवर, भेगा नसण्यावर आणि पॉलिशवर ठरते. ते मऊ असतं, चाकूने चरा पडतो. बाजारात रंगवलेल्या प्लास्टिकचे आणि भुकटी डिंकात थापून केलेले तुकडेही त्याच नावाने खपतात. अपोफिलाइटचा हिशेब निराळा. त्याला पॉलिश नको, टोकं शाबूत हवीत, स्फटिक मूळ कातळावर बसलेला हवा. एक टवका उडाला की भाव कोसळतो. म्हणून हातोडी लावू नकोस, आम्लाने धुऊ नकोस आणि उन्हात तापवू नकोस. त्यात पाणी असतं, जास्त तापलं की पापुद्रे सुटतात. आणि चिठ्ठी जोड: कडाव, विहीर, किती खोलीवर, कोणत्या महिन्यात. 1863 मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेसाठी डोंगर फोडताना निघालेले स्फटिक परदेशातल्या संग्रहालयांत आहेत, ते ठिकाणाच्या नोंदीसह. नोंद नसलेला नमुना अभ्यासकाच्या फारसा कामाचा नाही.

दगड नुसता सेलॅडोनाइट निघाला तर पैसे मिळणार नाहीत, पण हिरमुसू नकोस. अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा रंग अशाच हिरव्या मातीचा आहे. मला तो तुकडा दुकानातल्या पॉलिश केलेल्या पट्ट्यांहून प्यारा वाटेल.

सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे. विकायचं ठरवण्याआधी एकदा तिथे जाऊन चांगला नमुना कसा दिसतो ते डोळ्यांत साठव. तोवर त्या दुकानदाराला दगड देऊ नकोस, आणि खिळ्याचा निकाल मला लगेच कळव.

तुझा,
मामा