शुश्रूषागृहाची पारख

झाशी शहरातील प्रेम नगर ही रेल्वेच्या वसाहतींलगतची वस्ती आहे. रेल्वेचा वाघिणी दुरुस्त करण्याचा कारखाना झाशीत १८९५ साली सुरू झाला. तेव्हापासून या शहरातील कित्येक घरांचा संसार रेल्वेच्या पगारावर आणि पुढे निवृत्तिवेतनावर चालत आला आहे. नेवाळकरांच्या काळापासून झाशीत नांदणाऱ्या मराठी कुटुंबांपैकीही काही या नोकरीत शिरली. अशाच एका घराची वाचकाने कल्पना करावी. घरातील वडीलधाऱ्या गृहस्थांना पक्षाघाताचा झटका येतो. उजवे अंग लुळे पडते, वाचा अडखळते. रुग्णालयात जीव वाचतो. मग डॉक्टर सांगतात की आता औषधापेक्षा शुश्रूषेची आणि व्यायामाची गरज अधिक आहे. पत्नी सत्तरीच्या पुढची, मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी भोपाळला सासरी. रुग्णाला काही महिन्यांसाठी एखाद्या शुश्रूषागृहात ठेवावे असे ठरते. मुलगा दोन संस्था पाहून येतो. एकीची फरशी चकचकीत असून दर्शनी दालनात फुलांची कुंडी आहे. दुसरीची इमारत जुनी आहे आणि भिंतीचा रंग उडाला आहे. निवड कशावरून करावी?

या प्रकरणात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. प्रश्न वरवर घरगुती दिसला तरी त्याच्या उत्तरावर एका माणसाचे उरलेले आयुष्य अवलंबून असते. शिवाय ज्याच्यासाठी हे उत्तर शोधावयाचे तोच बहुधा तक्रार करण्याच्या स्थितीत नसतो.

एका शब्दाचे दोन अर्थ

प्रथम एका शब्दाचा उलगडा करणे आवश्यक आहे. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की लहान खाजगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह डोळ्यांसमोर येते. मुंबई राज्याने १९४९ साली नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा केला तोही प्रामुख्याने अशाच संस्थांना लागू झाला. पाश्चात्त्य देशांत मात्र हा शब्द दीर्घकाळ परावलंबी झालेल्या माणसाच्या निवासाला आणि शुश्रूषेला उद्देशून वापरला जातो. आपल्याकडे हे काम कधी वृद्धाश्रम करतात, कधी पुनर्वसन केंद्रे, तर कधी रुग्णालयाचा एखादा कोपरा. म्हणून पाटीवर काय लिहिले आहे यापेक्षा आत कोणते काम चालते ते पाहणे श्रेयस्कर. येथे ‘शुश्रूषागृह’ हा शब्द या दुसऱ्या अर्थानेच योजला आहे.

तीन कसोट्या

वैद्यकीय सेवेचा दर्जा कसा मोजावा याची सुसंगत मांडणी अव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली केली. बैरुत येथे जन्मलेले हे वैद्य पुढे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात अध्यापक होते. त्यांनी दर्जाच्या तीन बाजू सांगितल्या : रचना, क्रिया आणि फल. इमारत, खाटा, उपकरणे आणि सेवकवर्गाची संख्या व शिक्षण ही रचना. रुग्णासाठी प्रत्यक्ष जे केले जाते ती क्रिया. आणि त्यामुळे रुग्णाच्या प्रकृतीत जो फरक पडतो ते फल.

या तिहींपैकी रचना डोळ्यांना चटकन दिसते, आणि म्हणूनच ती फसवी ठरू शकते. चांगली रचना असली म्हणजे चांगली क्रिया शक्य होते. ती घडतेच असे नाही. केवळ फलावर भिस्त ठेवणेही धोक्याचे असते. जी संस्था अधिक आजारी माणसे पत्करते तिच्याकडे मृत्यू अधिक होणारच. यास्तव तिन्ही बाजू एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. चार चाकांच्या खुर्च्या भिंतीशी उभ्या आहेत ही रचना. त्यांत रोज कोणाला बसवले जाते ही क्रिया. महिन्याने तो माणूस आधाराने का होईना उभा राहू लागला हे फल. खुर्च्यांच्या चाकांवर धूळ साचलेली असेल तर पहिल्या बाजूचे गुण दुसरी बाजू वजा करते.

शरीरावर उमटणारी साक्ष

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या अंगावर होणाऱ्या जखमांना शय्याव्रण म्हणतात. माकडहाड, टाचा, खुबे अशा ठिकाणी हाडावर मांस थोडे असते. एकाच बाजूने फार वेळ पडून राहिल्यास तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या दबतात, कातडीला रक्त पोहोचत नाही आणि ती मरू लागते. आरंभी केवळ लाली दिसते. गोऱ्या कातडीवर ती सहज ओळखू येते, सावळ्या कातडीवर मात्र हाताला लागणारी ऊब किंवा कठीणपणा यांवरून ती ओळखावी लागते. दुर्लक्ष झाले की व्रण हाडापर्यंत पोहोचतो. लघवीने ओली राहिलेली चादर आणि अपुरा आहार ही त्याची सोबतीण कारणे होत.

हा व्रण म्हणजे परावलंबी माणसाचे प्राक्तन आहे, असा समज दीर्घकाळ होता. तो मोडून काढणाऱ्यांत लुडविग गुटमन यांचे नाव अग्रगण्य आहे. नात्सी राजवटीमुळे जर्मनी सोडून १९३९ साली इंग्लंडात आलेल्या या मज्जाविकारतज्ज्ञांकडे १९४४ मध्ये स्टोक मॅन्डेव्हिल येथील पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग सोपवण्यात आला. त्यांच्या उपचाराचा पाया साधा होता : दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलावयाची, दिवसा आणि रात्रीसुद्धा. पुढची पायरी मात्र साधी नव्हती. वाचलेला माणूस कामाला, खेळाला, समाजात परत गेला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९४८ साली त्याच रुग्णालयाच्या आवारात झालेल्या धनुर्विद्येच्या स्पर्धेतून पुढे अपंगांची जागतिक क्रीडाचळवळ वाढली. १९६५ च्या युद्धात जखमी होऊन कमरेखाली पंगुत्व आलेले मराठी जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे याच चळवळीच्या स्पर्धेत पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. पुण्याजवळ खडकी येथे कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी चालणारे पुनर्वसन केंद्रही याच विचाराच्या कुळातले आहे.

चाकाच्या खुर्चीवरून पदकापर्यंत पोहोचणारे थोडेच. परंतु दोन तासांनी कूस बदलून घेण्याचा हक्क प्रत्येकाचा आहे. ती रात्री दोन वाजता बदलली गेली की नाही, हे भेटीला आलेल्या नातेवाइकाला कधीच दिसत नाही. शरीर मात्र त्याची नोंद ठेवते. म्हणून संस्थेत ‘किती खाटा आहेत’ असे विचारण्याऐवजी ‘येथे आल्यानंतर किती जणांना शय्याव्रण झाले’ असे विचारावे. ‘एकालाही नाही’ या उत्तरापेक्षा ‘दोघांना झाले, अमुक तारखेला लक्षात आले, आता असे उपचार चालू आहेत’ हे उत्तर पुष्कळदा अधिक विश्वासार्ह असते. पहिल्या उत्तरामागे उत्तम सेवा असू शकते, तशीच न पाहण्याची सवयही असू शकते.

पाणी, घास आणि बंध

बुंदेलखंडाच्या उन्हाळ्यात झाशीचे तापमान ४५ अंशांच्या वर जाते. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. त्यातून वाचा गेलेली असेल तर पाणी मागताही येत नाही. पाण्याचा तांब्या उशाशी भरलेला असणे पुरेसे नाही. तो चांगल्या हाताच्या बाजूला आहे काय, हे पाहावे. सेवकांची संख्या अपुरी असली की एक अनिष्ट प्रथा गुपचूप रूढ होते. वारंवार चादर बदलावी लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच कमी दिले जाते. चादर कोरडी राहते आणि माणूसही कोरडा पडतो. कोरडी जीभ, गडद लघवी आणि अकस्मात आलेला भ्रम ही त्याची लक्षणे होत.

जेवणाची वेळही बोलकी असते. पक्षाघातानंतर कित्येकांना गिळणे कठीण जाते. आडव्या अवस्थेत घाईने भरवलेला घास श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाचा दाह होऊ शकतो. भरवणारी मावशी बसून भरवते की उभ्याने, पहिला घास गिळला गेल्याची खात्री करून दुसरा देते की नाही, हे दहा मिनिटांत कळते. रुग्णाचे वजन नियमित घेतले जाते काय, हेही विचारावे. एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन घटणे ही धोक्याची खूण मानली जाते.

तिसरी गोष्ट बंधांची. पडू नये म्हणून रुग्णाला खाटेला बांधणे, किंवा शांत राहावा म्हणून गुंगीचे औषध देणे, हे दोन्ही उपाय सेवकांच्या सोयीचे असतात. बांधलेला माणूस सुटण्याच्या धडपडीत अधिक वाईट रीतीने पडू शकतो. न हलल्याने त्याचे स्नायू झिजतात आणि व्रणांना वाट मिळते. दुपारी चार वाजता सर्वच्या सर्व रुग्ण गाढ झोपलेले आढळले, तर ती शांतता संशयास्पद समजावी.

पुनर्वसनाचे माप

पुनर्वसन म्हणजे गमावलेली क्षमता शक्य तितकी परत मिळवणे. तिचे एक सोपे माप फ्लॉरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी १९६५ साली प्रसिद्ध केले. जेवणे, अंघोळ, मुखमार्जन व केशरचना, कपडे घालणे, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, शौचालयाचा वापर, खाटेवरून खुर्चीवर जाणे, चालणे आणि जिना चढणे अशा दहा क्रियांना गुण देऊन एकूण शंभरांपैकी बेरीज करावयाची. प्रेम नगरातील आपल्या गृहस्थांचे दाखल होतानाचे गुण ३० असतील आणि दोन महिन्यांनी ५५ झाले, तर काय साधले ते कुटुंबाला आकड्यांत समजते. दाखल होतानाचे गुण नोंदवलेलेच नसतील तर ‘बरीच सुधारणा आहे’ या वाक्याला आधार उरत नाही.

पक्षाघातानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो. या काळात व्यायाम न मिळाल्यास होणारे नुकसान पुढे भरून निघणे कठीण. लुळा हात धरून रुग्णाला ओढत उठवले तर खांद्याला इजा होते. जाणकार सेवक कमरेला आधार देतो. सेवकाचे प्रशिक्षण प्रमाणपत्रापेक्षा अशा एका कृतीतून अधिक स्पष्ट दिसते. झाशीसारख्या ठिकाणी भाषेचाही विचार हवा. अनेक भाषा बोलणाऱ्या माणसाची वाचा गेली तर त्या सर्व भाषा सारख्याच प्रमाणात परत येतात असे नाही. आयुष्यभर कारखान्यात हिंदी बोललेल्या माणसाच्या तोंडी प्रथम ‘पाणी’ हा मराठी शब्द आला आणि सेवकाला तो कळलाच नाही असे होऊ नये, यासाठी दहा-बारा मराठी शब्दांचा एक कागद खाटेशी लावण्याइतकी तत्परता संस्थेत आहे काय, ही बारीक पण खरी परीक्षा आहे.

तारांचा धडा

दर्जा मोजण्याचे मोठे प्रयोग अमेरिकेत झाले. शुश्रूषागृहांच्या दुरवस्थेवर १९८६ साली एक विस्तृत अहवाल आला आणि १९८७ साली कायदा झाला. पूर्वसूचना न देता तपासणी, साहाय्यक परिचारिकांना किमान ७५ तासांचे शिक्षण, आणि सोयीसाठी बांधून ठेवण्यास मनाई ही त्याची काही अंगे होत. २००८ च्या अखेरीस प्रत्येक संस्थेला एक ते पाच तारे देण्याची पद्धत सुरू झाली. परंतु सेवकांची संख्या संस्थाच कळवीत असत, आणि स्वतःच स्वतःची उत्तरपत्रिका तपासण्यासारखा तो प्रकार होता. पुढे २०१६ पासून पगारपत्रकांवर आधारलेली माहिती मागवली जाऊ लागली. यातून मिळणारा धडा सर्वत्र लागू पडतो : माप कोणते आहे इतकेच विचारू नये, ते कोण भरतो तेही विचारावे.

भारतात २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान १५० जणांचा एक तरी वृद्धाश्रम राज्यांनी टप्प्याटप्प्याने उभारावा अशी तरतूद केली. महाराष्ट्राने २०१० साली आणि उत्तर प्रदेशाने २०१४ साली त्याखालील नियम केले. कायदा निवाऱ्याची आणि व्यवस्थेची चौकट देतो. रात्री कूस बदलण्याचे काम अखेर माणसालाच करावे लागते.

कोणी पाहत नसताना

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालच्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण याच मुद्द्याला दिले आहे. परिचारिका हजर असताना जे घडते ते ती नसतानाही घडावे, अशी व्यवस्था लावणे हे शुश्रूषेचे मर्म होय, असा त्यांचा आशय आहे. दर्जाची याहून नेमकी व्याख्या करणे कठीण. जे कोणी पाहत नसताना, तक्रार करू न शकणाऱ्या माणसासाठी केले जाते, तोच सेवेचा खरा दर्जा.

आता त्या मुलाकडे परत यावे. तो दोन्ही संस्थांत पुन्हा जातो. या वेळी न कळवता, एकदा जेवणाच्या वेळी आणि एकदा रात्री नऊनंतर. चकचकीत संस्थेत ‘सात नंबरला औषध दिले का’ असे शब्द त्याच्या कानी पडतात. कूस बदलण्याच्या वहीत पुढच्या दिवसाच्याही सह्या आधीच झालेल्या दिसतात. जुन्या इमारतीत सेवक रुग्णाला ‘दादाजी’ म्हणून हाक मारतो, अंगाला हात लावण्यापूर्वी काय करणार ते सांगतो, आणि वहीत दहाची नोंद अजून कोरी असते, कारण दहा वाजलेले नसतात. निवड करण्यास एवढे पुरेसे आहे. मात्र निवड झाली म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. ज्या रुग्णाकडे वेळी-अवेळी कोणी तरी येते त्याच्याकडे संस्थेचेही लक्ष अधिक राहते. आणि ज्याच्याकडे कोणीच येत नाही, त्याच्या शेजारच्या खाटेशीही भेटीला आलेल्याने घटकाभर थांबावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. रचना, क्रिया आणि फल यांचे प्रत्येकी एक उदाहरण परिचित संस्थेतून द्या.

२. शय्याव्रणांची संख्या शून्य असल्याचे सांगणाऱ्या संस्थेला पुढचा प्रश्न कोणता विचारावा?

३. रुग्णाला बांधून ठेवल्याने कोणते धोके वाढतात?

४. घरीच शुश्रूषा होत असलेल्या रुग्णाला या प्रकरणातील कोणत्या कसोट्या लागू पडतात, ते सकारण लिहा.