गेममध्ये लक्ष लागतं, मग अभ्यासात का नाही?

“डॉक्टर, गेम खेळताना दोन-दोन तास मान वर करत नाही. लक्ष आहे की! अभ्यासाचाच आळस.” एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराच्या, शंकेनं मुलाला घेऊन आलेले पालक हे हमखास ऐकवतात. हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. गेममध्ये क्षणाक्षणाला बक्षीस मिळतं, लक्ष आपोआप ओढलं जातं. गणिताच्या वहीपुढे ते स्वतःला ओढून आणावं लागतं. कामाला हात घालणं, सूचना लक्षात धरणं, वेळेचा अंदाज, ऊर्मी आवरणं ही सगळी मेंदूची कार्यकारी कौशल्यं. एडीएचडीत नेमकी तीच कच्ची राहतात. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या अभ्यासात अशा मुलांच्या मेंदूच्या बाह्यस्तराची वाढ सरासरी तीन वर्षं मागे दिसली. मग “एवढा घोडा झालास तरी” असं म्हणून काय साधणार?

सहावीतला एक मुलगा आठवतो. डायरीत लाल शेरे, घरी मार. आईनं माझ्यासमोर दप्तर उलटं केलं, तर तळाशी पूर्ण केलेला प्रकल्प चुरगळून पडलेला. केला होता, द्यायचाच राहिला होता. याला आळस म्हणतात का?

ब्राह्मीची सिरपं, डोळ्यांवर पट्टी बांधून ‘मेंदू जागवणारे’ क्लास यांवर हजारो रुपये घालवू नका. दहा प्रश्नांच्या व्हिडिओवरून निदान होत नाही. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राच्या एडीएचडीच्या गोळ्या घेणाऱ्या कॉलेजच्या मुलांनो, हे ताबडतोब थांबवा! त्यातलं मिथाइलफेनिडेट हे औषध डॉक्टर रक्तदाब आणि हृदयाची माहिती घेऊनच देतात.

घाबरू मात्र नका. प्रत्येक चुळबुळ्या मुलाला एडीएचडी नसतो. त्रास बाराव्या वर्षाआधीपासून, घरी आणि शाळेतही, सहा महिन्यांहून जास्त आहे का, ते बघा. दंगा न करता खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुली हमखास नजरेतून सुटतात. बदल अचानक झाला असेल, मूल रात्री घोरत असेल किंवा त्याला कमी ऐकू येत असेल, तर कारण वेगळं असू शकतं. “मी जगून काय उपयोग” असं मूल बोललं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एका वेळी एकच सूचना द्या, यादी दारावर चिकटवा, काम दहा-दहा मिनिटांत तोडा. गरज असेल तिथं औषधाचाही चांगला उपयोग होतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा बालविकासतज्ज्ञांकडे जाताना शाळेच्या वह्या आणि वर्गशिक्षकांची चिठ्ठी बरोबर न्या.