निळा रंग दिसेपर्यंत

तुळजापूर तालुक्यातला तो मुलगा विमान उडवायला शिकत होता, त्या पहिल्या पावसाळ्यातली सकाळ. रात्रभर पाऊस झालेला, गावाकडेही पडला असेल म्हणून स्वारी खूश. विमान उघड्यावरच उभं होतं. पंखातल्या पेट्रोलटाकीच्या खालच्या झडपेला त्याने पारदर्शक पेला लावला, दाबला, भरला आणि उजेडात धरला. गाळ नाही, तळाशी थेंब नाही, मध्ये रेघ नाही.

"क्लीन आहे, सर."

सरांनी पेला त्याच्या नाकाशी नेला. "वास घे. आणि रंग सांग."

वास नव्हता, रंगही नव्हता. पेल्यात पेट्रोल नव्हतंच. काठोकाठ पावसाचं पाणी होतं.

लहान विमानांच्या १००-एलएल पेट्रोलला ग्रेड ओळखता यावी म्हणून निळा रंग देतात. लिटरभर पेट्रोल सुमारे ७२० ग्रॅम भरतं, पाणी किलोभर, म्हणून पाणी तळाशी बसतं आणि दोघांमध्ये रेघ दिसते. पण रेघ दिसायला पेल्यात दोन्ही असावे लागतात! नुसतं पाणी नुसत्या पेट्रोलइतकंच नितळ दिसतं. त्याची चूक नेमकी इथे झाली होती. नळीत आणि कार्बुरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर इंजिन सुरू झालं असतं, विमान धावपट्टीपर्यंत गेलंही असतं. पाणी इंजिनापर्यंत पोचतं ते अनेकदा जमीन सुटल्यावर.

पाणी शिरलं कुठून? शिडी लावून पंखावर पाहिलं तेव्हा टाकीच्या झाकणाचा रबरी वायसर उन्हाने तडकलेला सापडला. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. रबर तेव्हाच कडक होतं आणि पहिल्या पावसात झाकण गळायला लागतं. पावसात मोटारसायकल अडली की आपला मेकॅनिकही टाकीचं झाकण बघतो.

त्या मुलाच्या धाराशिव जिल्ह्यातही धावपट्टी आहे. तिथे किंवा कुठेही, लहान विमान उघड्यावर ठेवणाऱ्याने 'दुष्काळी जिल्हा' या शब्दावर विसंबू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यातल्या परंड्यात पुरात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं.

तो मुलगा आता स्वतः वैमानिक आहे आणि नव्या पोरांना आधी शिडीवर चढवतो. खालून झाकण दिसतच नाही. उन्हाळा संपताना वायसर बदलायचे, दिसायला बरे असले तरी. मुक्कामाला टाकी भरून ठेवायची, म्हणजे रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होत नाही. पाऊस चालू असताना झाकण उघडायचं नाही. पेट्रोल भरल्यावर पाणी तळाशी बसायला वेळ द्यायचा, मगच नमुना घ्यायचा, आणि तोही प्रत्येक झडपेचा. सेसना १७२ च्या नव्या मॉडेलांना अशा १३ झडपा आहेत. कंटाळा तिथेच येतो. पेल्यामागे पांढरा कागद धरला की निळा रंग फसवत नाही.

त्या दिवशी उड्डाण झालं नाही. पंख हलवायचे, थांबायचं, पुन्हा पेला भरायचा, असं चालू राहिलं. सातव्या पेल्यात तळाला पाण्याचा थेंब होता. आठवा वरपासून खालपर्यंत निळा निघाला. तरी सरांनी नववा काढायला लावला.