बुकिंगचा फॉर्म बनवून घेताय? पैसे कशाचे द्यायचे, ते आधी बघा

मोहर्ली, कोलारा या ताडोबाच्या गेटांजवळ होमस्टे चालवणारे आणि गडचिरोलीत संस्था सांभाळणारे बरेच जण आता स्वतःची वेबसाइट करून घेतात. कोटेशनमध्ये ‘बूटस्ट्रॅप ग्रिड’ अशी वेगळी ओळ आणि तिच्यापुढे वेगळा आकडा दिसला, की तिथेच थांबा. बूटस्ट्रॅप म्हणजे वेबपानाची मांडणी करणारं तयार फ्रेमवर्क; ट्विटरमधल्या दोघांनी तयार केलेलं हे फ्रेमवर्क 2011 पासून सगळ्यांना फुकट आहे, धंद्यासाठीसुद्धा. शिवाय 2017 पासून सीएसएस ग्रिड ही मांडणीची सोय ब्राउझरमध्येच मिळते, म्हणजे साध्या फॉर्मसाठी बाहेरचं काही जोडायचीही गरज नाही. तुम्ही पैसे मोजता ते काम करणाऱ्याच्या वेळेचे.

दहा-बारा रकान्यांच्या फॉर्मची मांडणी म्हणजे हात बसलेल्या माणसाचं एका दिवसाचं काम. ताशी 500 रुपये आणि आठ तास धरले, तर 4,000 रुपये. तुमच्या डेव्हलपरचा दर वेगळा असेल, पण हिशेब असाच मागा: तास किती, दर किती. 18 टक्के जीएसटी लावला असेल, तर बिलावर जीएसटी नंबर हवाच.

आता खरं काम कुठे असतं, ते पाहा. सफारीच्या जिप्सीत सहा पर्यटक बसतात. पाहुण्यांची सफारी तुम्ही काढून देत असाल, तर सहा जणांचं नाव, वय, लिंग आणि ओळखपत्राचा क्रमांक लागतो. म्हणजे चोवीस रकाने. बूटस्ट्रॅप प्रत्येक ओळीचे बारा भाग करतं. कॉम्प्युटरवर नावाला पाच, वयाला दोन, लिंगाला दोन, क्रमांकाला तीन भाग दिले, की एका माणसाची एक ओळ छान बसते. तीच ओळ मोबाइलवर तशीच ठेवली, तर वयाच्या रकान्यात दोन आकडेही दिसत नाहीत. तिथे नावाला पूर्ण बारा, वय आणि लिंगाला सहा-सहा, क्रमांकाला पुन्हा बारा भाग हवेत. पाहुणे बहुतेक मोबाइलवरूनच येतात, त्यामुळे ही मांडणी मूळ कामातच धरलेली असली पाहिजे. ‘मोबाइलसाठी जादा’ म्हणून कुणी पैसे मागितले, तर देऊ नका.

सफारी काढून देत नसाल, तर ओळखपत्राचा रकाना सरळ काढून टाका. सफारीचं बुकिंग वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर होतं, तुमच्या फॉर्मवर नाही. लोकांची माहिती जपण्याची जबाबदारी 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने आणली आहे. जी माहिती घेतलीच नाही, ती जपावी लागत नाही. कामाचे तासही वाचतात.

मराठी फॉर्मला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो आणि तो दिलाच पाहिजे. ‘ओळखपत्राचा क्रमांक’ ही अक्षरं रकान्याच्या डावीकडे मावत नाहीत, म्हणून वरच घ्या. रकान्याची उंची कमी ठेवली, तर वेलांट्या, रफार आणि उकार कापले जातात. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता हे फॉन्ट मोफत आहेत. फॉन्टचे पैसे लावू देऊ नका.

गडचिरोलीत भामरागड-एटापल्लीकडच्या लोकांनी फॉर्म भरायचा असेल, तर पानाचं वजन विचारा. पूर्ण बूटस्ट्रॅपऐवजी त्याची फक्त ग्रिडची फाइल घेतली, तर ती साधारण पाव वजनात बसते. रेंज कमी असते तिथे हा फरक जाणवतो. वर्षाकाठी थोडेच अर्ज येणार असतील, तर गुगल फॉर्म घ्या. त्यात प्रश्न एकाखाली एकच येतात, पण खर्च शून्य.

दरवर्षीचा खर्च वेगळा लिहून घ्या: डोमेन आणि होस्टिंग. पहिल्या वर्षीची सवलत पाहू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. वेबसाइट सुरक्षित करणारं लेट्स एन्क्रिप्टचं एसएसएल प्रमाणपत्र फुकट आहे. डोमेन मात्र तुमच्या नावावर, तुमच्याच ईमेलवर हवं. नाहीतर डेव्हलपर बदलताना पत्ताच हातातून जातो.

शेवटचा हप्ता, निदान चौथा हिस्सा, राखून ठेवा. घरातल्या सगळ्यात स्वस्त मोबाइलवर सहाही जणांची नावं मराठीत टाकून फॉर्म स्वतः भरा, तो तुमच्या ईमेलवर आला का बघा, मगच पैसे द्या.