स्पेंटवॉश, संमतीपत्र आणि बॉयलर

साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमध्ये सांडपाण्याचं काम बघण्यात माझी नोकरी गेली. कारखाना स्वच्छ तंत्रज्ञान केव्हा घेतो आणि घेतलेलं केव्हा चालवतो, याबद्दलची माझी मतं तिथेच पक्की झाली.

१. नियमात स्वस्त वाट असेल तर कारखाना तीच धरतो. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश उरतो. तो गडद तपकिरी, आम्लधर्मी असतो आणि त्याचा बीओडी, म्हणजे त्यातला सेंद्रिय भाग कुजताना लागणारा प्राणवायू, लिटरला ४० हजार मिलिग्रॅमच्या आसपास जातो. नदीत सोडायची मर्यादा आहे ३०. डायजेस्टरमधून बायोगॅस काढला की बीओडी बराच उतरतो, रंग मात्र तसाच राहतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००३ च्या चार्टरने कंपोस्ट, सिंचन, जाळणं असे अनेक पर्याय खुले ठेवले होते. माझ्या ओळखीच्या बहुतेक कारखान्यांनी कंपोस्ट निवडलं. प्रेसमडवर, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळावर, स्पेंटवॉश फवारायचा, एवढंच. उन्हाळ्यात ते उत्तम चालतं. पावसाळ्यात मात्र यार्डातून तोच रंग ओढ्यात आणि शेजारच्या विहिरीत उतरतो. बाहेर थेंबही जाता कामा नये, हा आग्रह मंडळाने खरोखर धरला, तेव्हाच स्पेंटवॉश आटवणारा इव्हॅपोरेटर आणि तो जाळणारा इन्सिनरेशन बॉयलर यांचा विषय संचालक मंडळाच्या बैठकीत गांभीर्याने आला.

२. यंत्र बसलं म्हणजे चाललं असं नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथे होते. यंत्रासाठी कर्ज एकदा काढावं लागतं. वाफ आणि वीज रोज लागते. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत थर धरतो, तो काढायला यंत्र थांबवावं लागतं, आणि तेवढ्यात स्पेंटवॉश साठवायचं लगून भरत जातं. रात्रपाळीत ते बंद ठेवण्याचा मोह कुणालाही होतो. म्हणून तपासणीला आलेल्याने चकचकीत यंत्र बघत बसू नये. अल्कोहोल किती निघालं, त्यावरून स्पेंटवॉश किती झाला असेल, इव्हॅपोरेटरला वाफ किती गेली, बॉयलरमधून राख किती निघाली, या नोंदी शेजारी ठेवाव्यात. राखेचा हिशेब लागत नसेल तर स्पेंटवॉश दुसरीकडे गेलेला आहे. ही तपासणी तासाभरात होते, आणि ती होणार हे माहीत असलं की यंत्र रात्रीही चालतं.

३. सांडपाण्यावरचे ऑनलाइन मीटर केंद्रीय मंडळाच्या २०१४ च्या आदेशानंतर आले. मीटरची लाइन गेल्यावर मंडळातून फोन येत असेल, तरच त्यांचा उपयोग.

४. तपासणाऱ्याचे पैसे तपासला जाणारा देत असेल तर आकडे मर्यादेच्या जरासे खालीच येतात. गुजरातमध्ये एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी हे प्रयोग करून दाखवलं. ऑडिटर चिठ्ठीने नेमले, पैसे सामायिक निधीतून दिले, काही मोजणी पुन्हा केली. अहवाल खरे येऊ लागले आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आपल्याकडे अजून पुरेसा मनावर घेतलेला नाही, याचं मला वाईट वाटतं.

५. बंदच्या नोटिशीची भीती वाटते तेवढी नसते. ऐन गळीत हंगामात, ऊस शेतात उभा असताना, कारखाना बंद करणं सोपं नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. त्यापेक्षा लहान पण चुकवता न येणारा भुर्दंड बरा. सुरतेत २०१९ पासून कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांना धुलिकण सोडण्याचे परवाने लागू झाले. जास्त सोडाल तर विकत घ्या, कमी सोडाल तर उरलेले विका. तिथलं उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटलं.

६. धाकाच्या जोडीला पैसा हवा. २०१८ च्या इथेनॉल योजनेत इन्सिनरेशन बॉयलरच्या कर्जालाही व्याज सवलत मिळाली. २०२१ मध्ये स्पेंटवॉशच्या राखेतलं पालाश खत अनुदानाच्या यादीत आलं. ज्या राखेची विल्हेवाट ही डोकेदुखी होती, तिला गिऱ्हाईक मिळालं.

७. मुदतवाढीसारखा अन्याय नाही. ज्याने वेळेत बॉयलर बसवला तो व्याज भरतो, आणि शेजारचा कारखाना मुदतवाढ घेऊन तेवढ्या काळात स्वस्तात अल्कोहोल विकतो. पुढच्या नियमाच्या वेळी पहिलाही थांबतो. मुदतवाढ द्यायचीच असेल, तर त्या महिन्यांत वाचलेल्या वाफेचा आणि विजेचा खर्च मंडळाने कारखाना चालवण्याच्या संमतीपत्राच्या नूतनीकरणावेळी वसूल करावा.