कट खरा की कल्पित?

आपल्या मारुंजीपासून जवळच चिंचवडला चापेकर वाडा आहे. तेथील चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ रोजी पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. हा खराखुरा कट होता.

त्याच साथीत दुसऱ्या एका कटाची वदंता पसरली होती. इस्पितळात रोग्यांना मुद्दाम मारतात व त्यांच्या देहातून मोमियाई काढतात, असे मुंबईत बोलले जाई. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. असा कट मात्र मुळीच नव्हता.

मग लोकांनी विश्वास का ठेवला? ते अडाणी होते म्हणून, असे म्हणणे सोपे आहे. पण इस्पितळात नेलेले बरेच रोगी परतत नसत, हे त्यांनी पाहिले होते. प्लेगवर तेव्हा खात्रीचे औषधच नव्हते. परक्या सरकारवर भरवसाही नव्हता. अनुभव खरा होता, अनुमान चुकले.

तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी १९४५ मध्ये या वृत्तीची चिकित्सा केली. संकट आले, की ते कोणीतरी घडवून आणले असे आपण मानतो. परंतु कृतीचे परिणाम पुष्कळदा कोणाच्याच मनात नसतात. पुण्यात सैनिकांनी घरांच्या झडत्या घेतल्या, त्या रोग आवरण्यासाठी. त्यांच्या धास्तीने लोक रोगी लपवू लागले आणि रोग आवरणे अधिकच कठीण झाले.

तेव्हा कटाची गोष्ट कानी आली, की दोन प्रश्न विचारा. पहिला : गुपित किती जणांनी राखायला हवे? चापेकरांच्या कटात माणसे मोजकी होती, तरी द्रविड बंधूंनी माहिती दिली आणि दामोदर त्याच वर्षी पकडले गेले. इस्पितळातील कटात डॉक्टर, परिचारिका, नोकर अशा कितीतरी जणांना गप्प राहावे लागले असते. दुसरा : कोणता पुरावा मिळाल्यास ही गोष्ट खोटी ठरेल? बरा होऊन परतलेला रोगी दाखविला, तर ‘तोही सामील आहे’ असे उत्तर येत असेल, तर त्या गोष्टीची परीक्षाच होऊ शकत नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले. मोबाइलवर आलेला असा निरोप पुढे पाठविण्यापूर्वी हे दोन प्रश्न वहीत लिहा आणि उत्तरे शोधा.