मोठ्या मांजराला नवे घर



शाळेमागच्या आजी मुलाकडे मुंबईला राहायला गेल्या. जाताना त्यांनी आपली चार वर्षांची मनी माझ्याकडे आणून दिली. म्हणाल्या, "बाई, चांगलं घर मिळेपर्यंत एवढी सांभाळा."

माझ्या घरी कोंबडीची पिल्ले आहेत, त्यामुळे मनीला कायमची ठेवणे शक्य नव्हते. मांजराचे पिल्लू कोणीही हौसेने नेतो. मोठ्या मांजराला मात्र कोणी घेईना. एक जण तर म्हणाला, "पोत्यात घाला आन् बाजारात सोडून द्या." पण पाळलेला प्राणी उपाशी मरेल असा सोडून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी ते पापच.

शेवटी सहावीतल्या एका मुलाच्या मळ्यावर उंदीर फार झाले म्हणून त्यांनी मनीला नेले. पोत्यातून नेली, दूध पाजले आणि मोकळी सोडली. सकाळी मनी गायब! तिसऱ्या दिवशी ती आजींच्या कुलूप लावलेल्या दारापुढे बसलेली सापडली. पोट पार खपाटीला गेले होते.

चूक मनीची नव्हती, आपली होती. मांजर आपली जागा वासाने ओळखते. ते दाराला, खांबाला गाल घासते ना, तेव्हा तिथे स्वतःचा वास लावत असते. नव्या घरात तो वास नसतो. म्हणून ते घाबरून दडते, नाहीतर जुन्या घराची वाट धरते.

दुसऱ्या वेळी आम्ही असे केले :

१) मनीला झाकणाच्या टोपलीतून नेले. टोपलीत तिचे रोजचे अंथरूण न धुता घातले.

२) तीन आठवडे तिला एकाच खोलीत ठेवले. कोपऱ्यात पाटीभर कोरडी माती ठेवली. घाण रोज काढली.

३) ठरल्या वेळी एकानेच खायला दिले. पाणी नेहमी भरलेले ठेवले. दूध बंद केले. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात.

४) ती कणगीमागे दडली तरी ओढून काढली नाही. मुलगा नुसता जवळ बसून अभ्यास करी. नवव्या दिवशी तिने त्याच्या पायाला गाल घासला!

५) पहिल्यांदा बाहेर सोडली ती दिवसा, जेवणाच्या आधी. भूक लागताच हाकेसरशी परत आली.

६) गुरांच्या दवाखान्यात नेऊन तिला रेबीजची लस टोचून घेतली.

आणखी एक. मांजर देताना त्याचा गुण सांगावा, तशी खोडही सांगावी. मनी कोंबडीची पिल्ले धरते, हे मी आधीच सांगितले होते. म्हणून त्यांनी खुराड्याला जाळी लावली.

आता मनी मळ्यावरच असते. आजींचा फोन आला की पहिला प्रश्न तिचाच असतो. आता मला खरे उत्तर देता येते.

लक्षात ठेवा : मांजर चावले किंवा बोचकारले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. घरी सांगा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

स्वाध्याय
१. मनी पहिल्या वेळी का पळाली?
२. मांजर गाल का घासते?
३. तुमच्या घरचे मांजर कुठे कुठे गाल घासते ते पाहा व वहीत लिहा.